शिशाचा स्वार आणि त्याला रंगविणारे हात

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पापड-लोणच्यांची कृती मागितली असती तर चार ओळी लिहून दिल्या असत्या. परंतु दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीपायी मला एक मोठा इतिहास समजला. तो आपल्या भगिनींना सांगावा, एवढ्यासाठीच हे धाडस करीत आहे.

दिवाळीची आवराआवर चालली होती. माळ्यावरून आजेसासऱ्यांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत जुन्या पावत्या, दोन-चार पंचांगे, एक तुटका चष्मा, आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक घोडेस्वार. बोटाहून थोडा मोठा. डोक्याला फेटा, उजवा हात खांद्यापाशी खालीवर हलणारा, हातातला भाला अर्धा मोडलेला. आजेसासरे मुंबईला गोदीत नोकरीस होते. कोणी साहेब विलायतेस परत जाताना तो त्यांना देऊन गेला, असे सासूबाईंनी ऐकले होते. स्वाराचा रंग जागोजागी उडालेला आणि उरलेला काळवंडलेला होता. अंगणात भाच्याने किल्ला बांधला होता. मावळ्यांच्या रांगेत हाही शोभेल, असे माझ्या मनात आले. पितळेची भांडी घासतो तसा मी तो चिंच आणि राख लावून चांगला घासला. सगळा रंग निघून करडा धातू लख्ख झाला. मग भाच्याच्या डब्यातले रंग घेऊन भगवा फेटा, पांढरा अंगरखा, काळा घोडा, असे माझ्या मनाने रंगविले.

पण रंग काही टिकेना. आठ दिवसांत पोपडे सुटू लागले आणि खालून पांढरी भुकटी दिसू लागली. एवढ्यात लेक सुटीवर आली. तिने स्वार हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, “आई, काय केलंस हे! याचं तोंड कुणीतरी हातानं रंगवलं होतं गं.”

ती ग्रंथालयाचे शिक्षण घेत आहे. मला इंग्रजी येत नाही, म्हणून ती पुस्तके आणून रात्री जेवणे झाल्यावर मला मराठीत समजावून सांगे. ते तोंड कोणी रंगविले होते, याचा आम्ही मायलेकींनी घेतलेला शोध म्हणजे हा लेख.

प्रथम धातूविषयी सांगते. पूर्वी कल्हईवाला दारी येई, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. भाता, निखारे, नवसागराचा धूर, आणि मग कापसाच्या बोळ्याने भांड्यात फिरविलेली चांदीसारखी चकाकी. आमटी कळकू नये म्हणून आपण जे भांड्याला लावून घेत होतो, ते कथील. कथील फार थोड्या उष्णतेने, २३२ अंशांवर, वितळते. शिसे ३२७ अंशांवर वितळते. गंमत अशी की दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र केली तर मिश्रण त्याहूनही लवकर, १८३ अंशांवरच, पातळ होते. म्हणजे भट्टी नको, साध्या चुलीवरही हा रस करता येतो. लहान मूर्ती ओतण्यास हे मिश्रण लोकांनी का निवडले, हे एवढ्यावरून समजते.

या कामाचे मोठे गाव म्हणजे जर्मनीतील न्यूर्नबर्ग. तेथे शेकडो वर्षांपासून धातूचे कारागीर होते आणि कथिलाच्या ताटल्या, पेले, सुरया करणारेही पुष्कळ होते. पुढे चिनी मातीची भांडी घरोघरी येऊ लागली, तशी कथिलाच्या भांड्यांची गिऱ्हाइकी उतरली. आपल्याकडे स्टीलची भांडी आल्यावर तांबटांचे झाले तसेच. हातात कसब आहे पण माल खपत नाही, अशा वेळी कारागीर खेळण्यांकडे वळले. योहान गोटफ्रीड हिल्पर्ट नावाचा कथीलकार मूळचा कोबुर्गचा. त्याचा जन्म १७३२ चा. तो १७६० मध्ये न्यूर्नबर्गात उस्ताद झाला. त्या सुमारास प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या लढायांची सगळीकडे चर्चा होती. १७५६ ते १७६३ असे सात वर्षांचे युद्ध नुकतेच होऊन गेले होते. हिल्पर्टने त्या फौजेतले शिपाई कथिलात ओतले. खुद्द फ्रेडरिक राजाची घोड्यावरची लहान मूर्तीही त्याने १७७७ मध्ये केली. या शिपायांना इतकी मागणी आली की आजूबाजूच्या गावांतही कारखाने निघाले.

हे शिपाई आपल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखे गोल अंगाचे नसत. ते चपटे असत, नाण्यासारखे. त्यांची करण्याची रीत अशी. पाटीच्या काळ्या दगडाच्या दोन फरश्या अगदी गुळगुळीत घासून एकमेकींवर बसत्या करायच्या. एका फरशीत शिपायाची एक बाजू आणि दुसरीत दुसरी बाजू बारीक टोकणीने उलटी कोरायची. जे उंच दिसायला हवे ते खोल कोरायचे. बटण, पट्टा, मिशी, घोड्याच्या मानेवरचा केस, सगळे उलटे. मग दोन फरश्या जुळवून वरच्या भोकातून रस ओतायचा. क्षणात तो थिजतो. फरश्या उघडल्या की शिपाई तयार.

१८३९ मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सेन नावाच्या कोरणाऱ्याने न्यूर्नबर्गात आपला कारखाना काढला. त्याच्या अगोदर प्रत्येकजण आपापल्या मापाचे शिपाई करी, त्यामुळे एकाचा शिपाई दुसऱ्याच्या फौजेत उभा केला तर राक्षस तरी दिसे नाहीतर बुटका. हाइनरिक्सेनने १८४८ मध्ये एकच माप धरले, माणूस सुमारे ३ सेंटिमीटर उंच. पुढे तेच माप सर्वत्र रूढ झाले. हे शिपाई नगावर नव्हे, वजनावर विकले जात. पातळ लाकडाच्या चिपांच्या गोल डब्यांत पाव पौंड, अर्धा पौंड अशी फौज भरलेली असे.

आता मुख्य गोष्ट. साच्यातून निघालेला शिपाई करडा असतो, त्याला तोंड नसते. तांबडा डगला, निळी विजार, काळा बूट, गालावरची लाली, हे सारे रंगाने यायचे. एका डब्यात कित्येक शिपाई, आणि असे डबे देशोदेशी जाणारे. हे सारे रंगवी कोण? कारखानदार नव्हे, कोरणाराही नव्हे. हे काम घरोघरी बायका आणि मुले करीत. करडे शिपाई कारखान्यातून घरी आणायचे, रंगवून परत पोचवायचे, आणि नगामागे मजुरी घ्यायची. काम भराभर उरकावे म्हणून सगळ्या शिपायांना एकदा एकच रंग लावीत जायचे. अगोदर सगळ्यांचे डगले, मग सगळ्यांच्या विजारी, मग टोप्या. एकेक शिपाई पुरा करीत बसले तर दिवसाची मजुरी सुटत नसे.

हे ऐकताना मला आपले पापड आठवले. एक लाट्या करते, एक लाटते, एक वाळत घालते. शंभर पापड झाले की हिशेब. फरक एवढाच की आपण एकत्र बसून, बोलत बसून करतो.

हान्स अँडरसन या डॅनिश लेखकाची कथिलाच्या शिपायाची गोष्ट १८३८ ची आहे. एका जुन्या कथिलाच्या चमच्यापासून पंचवीस भाऊ शिपाई झाले, आणि शेवटच्याला कथील पुरले नाही म्हणून तो एका पायाचा राहिला. मुलांना ती गोष्ट फार आवडते. चमचा कोणत्या धातूचा, शिपाई किती, गणवेश तांबडा-निळा, हे सगळे त्या गोष्टीत आहे. पण तो तांबडा-निळा रंग कोणी दिला, हे त्यात कोठेही नाही. पुस्तकांतही हिल्पर्टचे नाव सापडते, हाइनरिक्सेनचे सापडते. रंगविणाऱ्या बाईचे नाव आम्हांला एकाही पानावर सापडले नाही.

आता माझ्या स्वाराकडे येते. तो चपटा नाही, गोल अंगाचा आहे, आणि हातात घेतला तर दिसतो त्यापेक्षा हलका लागतो. त्याचे कारण तो पोकळ आहे. गोल अंगाचे शिपाई जर्मनीत आणि फ्रान्समध्ये होत असत, पण ते भरीव, म्हणून जड आणि महाग. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी एक नवी युक्ती काढली. त्यांच्या घरात खेळणी करण्याचा धंदा होताच. शिसे, कथील आणि अँटिमनी नावाचा कडक धातू यांचा रस साच्यात ओतायचा, साचा हातात धरून हलवायचा, आणि बाहेरची साल थिजली न थिजली तोच आतला पातळ रस भोकातून परत ओतून टाकायचा. आपण आप्प्याच्या पात्रात तेल फिरवून जादा तेल काढून घेतो ना, तसे. आत पोकळी राहते आणि धातू थोडा लागतो. त्यामुळे शिपाई स्वस्त झाला आणि जर्मनीच्या मालाला टक्कर देऊ लागला. पायदळाच्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर धरलेली, आणि तांबड्या पुठ्ठ्याच्या पेटीत ओळीने बांधलेले शिपाई.

आणखी एक गोष्ट कळली तिची मला मोठी मौज वाटली. पूर्वी छापखान्यात जुळाऱ्याच्या हाताखाली असणारे अक्षरांचे खिळे याच तीन धातूंचे असत. म्हणजे ज्या धातूने लढाया खेळल्या गेल्या, त्याच धातूने स्मरणिकाही छापल्या गेल्या.

ब्रिटन यांच्या पेट्यांत इंग्रजी पलटणींबरोबर हिंदुस्थानी पलटणीही होत्या. बेंगॉल लान्सर्स, बॉम्बे लान्सर्स अशा नावांचे फेटेवाले स्वार होते. माझा स्वार त्यांच्यापैकीच कोणीतरी असावा. तो लंडनच्या उत्तर भागातल्या कारखान्यात ओतला गेला, आणि तेथेही रंगविण्याचे काम बायकांकडेच होते. काहीजणी कारखान्यात ओळीने बसत, काहीजणी माल घरी नेत. ज्या बाईने मुंबई पाहिली नाही, फेटा बांधलेला माणूसही कदाचित पाहिला नसेल, तिने नमुना समोर ठेवून या स्वाराच्या तोंडाला तपकिरी रंग दिला, फेट्याच्या घड्या उठविल्या, डोळ्यांचे दोन ठिपके ठेवले. आणि तो स्वार समुद्र ओलांडून मुंबईच्या गोदीत उतरला.

घरी नेऊन केलेल्या कामाची मजुरी किती कमी असे, हे त्या काळी लोकांना माहीतही नव्हते. १९०६ मध्ये बर्लिन आणि लंडन या दोन्ही शहरांत घरबसल्या कामाची प्रदर्शने भरविली गेली. लंडनच्या प्रदर्शनात काडेपेट्या चिकटविणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायका प्रत्यक्ष कामाला बसविल्या होत्या आणि त्यांना काय मिळते तेही लोकांना सांगितले जात होते. पुष्कळांना ते पाहून लाज वाटली. पुढे १९०९ मध्ये तिकडे कमीत कमी मजुरी ठरविण्याचा कायदा झाला. आरंभी तो चारच धंद्यांना लागू केला: तयार कपडे, कागदी पेट्या, लेसचे काम आणि साखळ्या. खेळणी त्या चारांत नव्हती.

मजुरी कमी, हे एक दुःख. दुसरे दुःख त्याहून मोठे, आणि ते डोळ्यांना दिसत नसे. शिसे हे विष आहे. खेळण्यात शिसे होतेच, आणि त्या काळच्या रंगांतही सफेद्यासारखे शिशाचे रंग असत. घर हाच कारखाना झाला की ज्या मेजावर रंगवायचे, त्याच मेजावर पोराला भात भरवायचा. शिसे अंगात हळूहळू साठते. मोठ्या माणसाला अशक्तपणा आणि पोटशूळ होतो, पोटुशी बाईच्या गर्भाला अपाय होतो, लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. मी तो स्वार राखेने घासत होते तेव्हा भाचा शेजारी चुरमुरे खात बसला होता, हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पहिल्या महायुद्धात लाखो खरे शिपाई मेले. त्यानंतर घराघरांत युद्धाच्या खेळण्यांचा वीट आला. तेव्हा ब्रिटन यांनी १९२० नंतरच्या दशकात शेतवाडीची खेळणी काढली. गाई, कोंबड्या, कुंपण, शेतकरी, शेतकऱ्याची बायको. बायकांच्या हातातला तांबडा डगला सुटला आणि गाईच्या अंगावरचे ठिपके आले. हातांची मजुरी मात्र नगावरच. १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीतले जुने कारखानेही संपले. न्यूर्नबर्गचा हाइनरिक्सेनचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला. ड्रेस्डेनला गोल अंगाचे शिपाई करणारा हाइडे यांचा मोठा कारखाना होता, तो त्याच वर्षीच्या बाँबवर्षावात नष्ट झाला. पुढे प्लास्टिक आले. शिशाच्या विषाविषयीही लोक जागे झाले. ब्रिटन यांनी १९६६ मध्ये शिशाचे शिपाई करणे थांबविले, आणि १९६७ मध्ये इंग्लंडात खेळण्यांच्या रंगातील शिशावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाविषयीचा नियम २०१६ मध्ये झाला. दहा लाख भाग रंगात ९० भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये, असा तो नियम आहे.

धातूच्या मूर्ती रंगविण्याची कला मात्र गेली नाही. आता ती मोठ्या माणसांनी हौसेने करावयाची गोष्ट झाली आहे. जर्मनीत कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग नावाच्या डोंगरी किल्ल्यात कथिलाच्या मूर्तींचे मोठे संग्रहालय आहे. तेथे अशा मूर्तींनी उभे केलेले देखावे आहेत. किल्ल्यात शिपाई मांडण्याची हौस आपल्या मुलांनाच आहे असे नव्हे.

आता रंगविण्याची खरी रीत कोणती, ती सांगते, म्हणजे माझी चूक दुसरीने करू नये. नवी मूर्ती असेल तर साच्याच्या जोडावर धातूची बारीक कड राहते, ती कानशीने आणि धारदार सुरीने हळूच काढतात. ती भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपून फेकून द्यायची. मग साबणाच्या कोमट पाण्याने मूर्ती धुवायची, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पाय लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायचे, म्हणजे मूर्तीला बोट लागत नाही. त्यावर अस्तराचा एक पातळ हात द्यायचा आणि पुरता वाळू द्यायचा. मी अस्तर दिले नाही, म्हणून माझा रंग सुटला. नंतर आतून बाहेर यायचे: अगोदर चेहरा आणि हात, मग कपडे, मग पट्टे, शेवटी हत्यार. रंग घट्ट लावू नये. पातळ रंगाचे दोन हात द्यावेत, नाहीतर कोरलेल्या रेषा बुजतात. घड्यांत थोडा गडद रंग जाऊ द्यावा आणि उंचवट्यावर फिका रंग ओढावा, म्हणजे एवढ्याशा अंगरख्यातही ऊन पडल्यासारखे वाटते. डोळे सर्वांत शेवटी. गणपतीच्या मूर्तीची आखणी ज्याच्या-त्याच्या हाती देत नाहीत, तसेच हे आहे. कुंचला तोंडात धरू नये, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

जुनी मूर्ती असेल तर मात्र तिला घासूच नये. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोणतेही आंबट लावू नये. आंबटाने शिसे खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी येते. तीही विषारीच. ओक लाकडाच्या बंद कपाटात ठेवली तरी लाकडाच्या आंबूस वाफेने हेच होते. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी, आणि रंग उडालेला असला तरी उडालेलाच राहू द्यावा. तो रंग म्हणजे कोणा बाईचे हस्ताक्षर आहे.

मी ते हस्ताक्षर पुसून टाकले. घरात माझ्यावर कोणी रागावले नाही. सासूबाई तर म्हणाल्या, “खेळणंच ते, एवढं काय त्यात!” पण माझ्या मनाला लागून राहिले. आपणही दिवसभर जे करतो, ते संध्याकाळी कोणी तरी खाऊन, वापरून, पुसून टाकते. त्याची नोंद राहत नाही. मग निदान आपण तरी दुसरीची नोंद पुसायची नाही, असे मला वाटले.

त्या स्वाराला मी पुन्हा रंग दिला नाही. माझे पोपडे मऊ फडक्याने टिपून काढले आणि स्वार काचेच्या बरणीत ठेवला. तेव्हा लेकीने दाखविले: फेट्याच्या एका खोल घडीत, जेथे माझी राख पोचली नव्हती, तेथे मूळ रंगाचा तिळाएवढा ठिपका राहिला आहे. एवढाच तिचा उरला.

जाता जाता मंडळाला एक विनंती. दरवर्षी दिवाळीत आपल्या पंधरा-वीस जणी मिळून पणत्या रंगवितात आणि त्या मंडळाच्या नावाने विकल्या जातात. हिशेबाच्या वहीत पणत्यांची संख्या असते, रकमेची नोंद असते. यंदापासून त्याच वहीत रंगविणाऱ्या प्रत्येकीचे नावही लिहावे. त्याला खर्च काही नाही, फक्त एक पान लागेल.